वाचकांचे प्रश्न : रस्ता-अपघाताची पोलीस नोंद आणि नवी संगणकीय पद्धत

रस्त्यावरील अपघातांची नोंद पोलीस कशी करतात आणि 'आयरॅड' व 'ई-डार' या संगणकीय प्रणाली आल्यापासून त्या नोंदीत काय बदलले, याविषयी आलेल्या पत्रांपैकी काही निवडक पत्रांना या अंकात उत्तरे देत आहोत. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे छापलेली नाहीत. काही पत्रे लांब होती, त्यांचा आशय तेवढा घेतला आहे.

प्रश्न : माझ्या मेहुण्यांचा राष्ट्रीय महामार्गावर दुचाकी अपघातात मृत्यू झाला. पंचनाम्याची प्रत मिळाल्यावर लक्षात आले, की अपघात पुलाच्या अलीकडे झाला असताना पंचनाम्यात पुलापलीकडच्या ढाब्यासमोरची जागा लिहिली आहे. नातेवाईक म्हणतात, माणूस गेला, आता जागेवरून वाद कशाला? एवढ्या फरकाने काही बिघडते का? (एक वाचक, सातारा)

आपल्या कुटुंबाच्या दुःखात आम्ही सहभागी आहोत. फरक पडतो, आणि तो दोन निरनिराळ्या बाजूंनी पडतो.

पहिली बाजू आपल्या दाव्याची आहे. घटनास्थळ पंचनामा हा फौजदारी खटल्यात आणि मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे, अशा दोन्ही ठिकाणी पायाभूत कागद असतो. वाहन कोणत्या दिशेने येत होते, दुभाजक कुठे तुटलेला होता, घसरल्याच्या खुणा किती लांबीच्या होत्या, हे सारे त्या जागेशी जोडलेले असते, आणि जागाच चुकली तर साक्षीदाराचा जबाब व पंचनामा यांत विसंगती दाखवून विमा कंपनीचे वकील ती उलटतपासात पुढे आणू शकतात. आपल्याकडे जागा सांगण्याची जुनी रीत चतुःसीमेची आहे: पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ढाबा, उत्तरेस साताऱ्याकडे जाणारा डांबरी रोड. पंचांना आणि न्यायालयाला जागा कळावी एवढ्यापुरती ती रीत चालून गेली. पण शेत विकले जाते, ढाब्याची पाटी बदलते, रस्त्याचे रुंदीकरण होते, आणि तीन वर्षांनी त्या वर्णनावरून अभियंत्याला ती जागा सापडत नाही.

दुसरी बाजू पुढे त्या रस्त्याने जाणाऱ्या माणसांची आहे. पुलाच्या अलीकडे उतार, वळण किंवा अर्धवट कठडा असेल आणि तिथे होणारे अपघात कधी ढाब्यासमोर, कधी फाट्याजवळ, कधी गावाच्या हद्दीत असे विखरून नोंदले गेले, तर कागदोपत्री त्या पुलाशी कधीच काही घडलेले नसते.

हे टाळण्यासाठीच केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाने जागतिक बँकेच्या साहाय्याने एकात्मिक रस्ता अपघात माहितीसाठा, म्हणजे आयरॅड, उभारला. त्याची आखणी आयआयटी मद्रासने आणि उभारणी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने केली. आरंभी ज्या सहा राज्यांत तो राबवला गेला त्यांत उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश, राजस्थान, तमिळनाडू व कर्नाटक यांच्याबरोबर महाराष्ट्रही होता. पोलीस अधिकाऱ्याने घटनास्थळी भ्रमणध्वनीवर नोंद उघडली, की अक्षांश-रेखांश, छायाचित्रे, वाहनांचे क्रमांक, रस्त्याचा प्रकार, हवामान, धडकेचा प्रकार अशी माहिती ठरावीक रकान्यांत भरली जाते आणि त्या अपघाताला स्वतंत्र ओळख क्रमांक मिळतो. पुढे त्याच क्रमांकावर परिवहन कार्यालयाचा मोटार वाहन निरीक्षक वाहनाची तपासणी नोंदवतो, रस्त्याची मालकी असलेल्या खात्याचा अभियंता रस्त्याची स्थिती नोंदवतो आणि रुग्णालय जखमींची माहिती देते. या प्रणालीचा पुढचा टप्पा म्हणजे ई-डार, अर्थात इलेक्ट्रॉनिक सविस्तर अपघात अहवाल.

आपण काय करावे, ते सांगतो. तपासी अंमलदारांकडे लेखी अर्ज देऊन प्रत्यक्षदर्शी साक्षीदाराचा पुरवणी जबाब नोंदवण्याची आणि आवश्यक तर पुरवणी पंचनामा करण्याची विनंती करावी. अर्जात जवळच्या किलोमीटर दगडाचा क्रमांक व पुलापासूनचे अंतर लिहावे. अर्जाची पोच घ्यावी. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील दुरुस्तीनुसार पोलिसांनी प्रथम अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाला त्याचे हक्क सांगणारा नमुना पहिल्या दहा दिवसांत मिळायला हवा. या कार्यपद्धतीचे मूळ दिल्ली उच्च न्यायालयाने राजेश त्यागी खटल्यात घालून दिलेल्या व्यवस्थेत आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने गोहर मोहम्मद खटल्यात १५ डिसेंबर २०२२ रोजी तिच्या अंमलबजावणीचे आदेश देशभरासाठी दिले. सविस्तर अहवाल दाखल होण्यापूर्वी आपला अर्ज गेला, तर दुरुस्ती करणे तपासी अंमलदारालाही सोपे जाते. दावा दाखल करण्याच्या मुदतीविषयी मात्र वकिलाचा सल्ला विनाविलंब घ्यावा. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ मध्ये सहा महिन्यांची मुदत घातली आहे.

प्रश्न : मी पोलीस हवालदार आहे. अपघात झाला की आधी जखमींना पाठवायचे, वाहतूक सुरळीत करायची, मग फिर्याद, पंचनामा, स्टेशन डायरी, सीसीटीएनएस (पोलिसांची गुन्हे नोंदीची संगणकीय प्रणाली), आणि आता त्यावर ई-डार. एकच वाहन क्रमांक चार ठिकाणी लिहावा लागतो. वरिष्ठांची विचारणा फक्त 'एन्ट्री झाली का' एवढीच असते. या आधुनिकीकरणाने आमचे काम वाढण्यापलीकडे काय झाले? (एक हवालदार, मराठवाडा)

आपली तक्रार रास्त आहे, आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने ती सर्वप्रथम ऐकायला हवी. अपघाताच्या माहितीची सारी इमारत ज्या माणसाच्या नोंदीवर उभी राहते, तो माणूस त्या क्षणी रस्त्यावर उभा असतो. त्याच्यासमोर जखमी असतात, मागे वाहनांची रांग असते आणि जमाव प्रश्न विचारत असतो. अशा वेळी त्याच्या हातात रकान्यांची लांबलचक यादी दिली, तर तो ती ठाण्यात परतल्यावर आठवणीने भरणार, हे उघड आहे. तसे झाले की भ्रमणध्वनी ज्या जागी असतो त्याच जागेचे अक्षांश-रेखांश नोंदीत जाण्याचा धोका निर्माण होतो, आणि नकाशावर अपघाताचे ठिकाण म्हणून पोलीस ठाण्याचेच आवार दिसू लागते.

माझ्या मते इथे एकच कसोटी लावावी. जी माहिती सरकारच्या कोणत्या ना कोणत्या संगणकात आधीच आहे, ती पोलिसाला पुन्हा विचारू नये. वाहनाचा क्रमांक टाकला की 'वाहन' प्रणालीतून मालक, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र यावे. परवान्याचा क्रमांक टाकला की 'सारथी'तून चालकाचा तपशील यावा. गुन्हा नोंद क्रमांक व कलमे सीसीटीएनएसमधून यावीत. हे जोडकाम योजनेत आहे, आणि ते ठाण्याच्या पातळीवर अखंड चालले पाहिजे, असा आग्रह वरिष्ठांनी धरायला हवा. घटनास्थळी पोलिसाने तेवढेच नोंदवावे, जे दुसऱ्या दिवशी दिसणार नाही: वाहनांची अंतिम स्थिती, रस्त्यावरच्या खुणा, पडलेल्या काचा, पट्टा वा हेल्मेट होते की नव्हते, पथदिवे चालू होते की बंद, उभ्या ट्रकला मागे परावर्तक पट्टी होती की नाही. बाकीचे सारे ठाण्यात, अन्य कर्मचाऱ्याकडून, दुसऱ्या दिवशीही भरता येते.

आपल्या पत्रातील 'एन्ट्री झाली का' हा शब्दप्रयोग मला सर्वांत महत्त्वाचा वाटला. नोंद झाली की नाही एवढेच तपासले, तर नोंदी होतात. त्या बरोबर आहेत की नाहीत हे कोणी पाहत नाही. आपल्या हद्दीतील वर्षभराच्या नोंदींचा नकाशा आपल्याच ठाण्यात लागला, त्यावरून गस्तीची वेळ ठरली, आपण नोंदवलेल्या तुटक्या कठड्याची दुरुस्ती झाल्याचे पत्र अभियंत्याकडून आपल्यालाच आले, तर पुढची नोंद भरणारा हात आपोआप काळजीने चालेल. पोलिसांनी माहिती वर पाठवायची आणि खाली काहीच परत यायचे नाही, ही आजची रीत बदलल्याशिवाय कोणतेही ॲप उपयोगी पडणार नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्न : सरकारी अहवालानुसार सुमारे ७१ टक्के अपघाती मृत्यू अतिवेगामुळे होतात. मग रस्त्यांच्या रचनेवर एवढी चर्चा कशासाठी? (अभियांत्रिकीची विद्यार्थिनी, नागपूर)

आपण दिलेला आकडा बरोबर आहे; मंत्रालयाच्या २०२२ च्या अहवालात अतिवेगामुळे झालेल्या मृत्यूंचे प्रमाण ७१.२ टक्के आहे. त्यापूर्वी वर्गवारी वेगळी होती, तेव्हा २०१५ च्या अहवालात ७७.१ टक्के अपघातांचे कारण 'चालकाची चूक' असे दिले होते. परंतु आपण अभियांत्रिकी शिकत आहात, म्हणून पहिला प्रश्न हा विचारा, की वेग मोजला कोणी आणि कशाने?

बहुतेक अपघातांत तो कोणीच मोजलेला नसतो. फिर्यादीचे कोणतेही जुने पान उघडले तर त्यात एक ठरलेले वाक्य सापडते: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन रहदारीच्या नियमांकडे दुर्लक्ष करून, भरधाव वेगाने, हयगयीने व अविचाराने चालवून धडक दिली. हे वाक्य कायद्याच्या कलमांतून आले आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेची २७९ आणि ३०४-अ ही कलमे लागत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची २८१ व १०६ ही कलमे लागतात. ती लागण्यासाठी बेदरकारपणा किंवा निष्काळजीपणा मांडावा लागतो, म्हणून फिर्याद त्याच शब्दांत लिहिली जाते, आणि पुढे 'अपघाताचे कारण' हा रकाना भरताना त्याच शब्दांतून 'अतिवेग' निघतो. गुन्हा सिद्ध करण्यासाठी लिहिलेल्या कागदातून कारणमीमांसा काढण्याचा हा परिणाम आहे.

वेग निरुपद्रवी आहे, असा याचा अर्थ नाही. वेग वाढला की इजेची तीव्रता झपाट्याने वाढते, हे भौतिकशास्त्र आहे. मात्र एकच कारण निवडायला सांगणारा रकाना बाकीची कारणे झाकून टाकतो. रात्री दोन वाजता मोटार उभ्या ट्रकवर मागून आदळली, तर चालकाला डुलकी लागली असेल, ट्रकचा मागचा दिवा बंद असेल, ट्रक थांबवायला महामार्गावर जागाच नसेल, मागच्या आसनावरच्या प्रवाशाने पट्टा लावला नसेल. यांतले कोणतेही एक नसते तर कदाचित जीव वाचला असता. मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गावर २०१६ पासून महाराष्ट्र राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी शून्य मृत्यू मार्गिकेचे काम हाती घेतले, तेव्हा अपघातागणिक तपास करून अशीच कारणांची साखळी मांडली गेली. कडेला उभी वाहने, आवरण नसलेले खांब व काँक्रीटची टोके, अपुरे रोधक कठडे हे सारे त्यातून पुढे आले आणि ते दुरुस्त करता येण्याजोगे होते.

१ जुलै २०२३ रोजी मध्यरात्रीनंतर समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी दगावले. या घटनेची नोंद 'अतिवेग' वा 'डुलकी' अशा एका शब्दात मिटवली, तर संकटकालीन दरवाजा प्रवाशांना उघडता आला का, आग कुठून लागली, मृत्यू धडकेने झाले की आगीने, हे पुढच्या बसच्या बांधणीला शिकवणारे प्रश्न अनुत्तरित राहतात. जी नोंद या प्रश्नांना स्वतंत्र जागा देते तीच मला आधुनिक वाटते, मग ती कागदावर असो वा पडद्यावर.

हेही आपल्या अभ्यासाला उपयोगी पडेल: मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये आलेले कलम १९८-अ सदोष रस्तारचना किंवा देखभालीबद्दल ठेकेदार, सल्लागार व संबंधित प्राधिकरण यांना एक लाख रुपयांपर्यंतचा दंड सांगते. पोलिसांच्या नोंदीत रस्त्याच्या स्थितीचा पुरावाच नसेल, तर हे कलम लागणार कशाच्या आधारे?

प्रश्न : एकाच वर्षाचे मृत्यूंचे आकडे दोन सरकारी अहवालांत वेगळे कसे? (एक वार्ताहर, कोल्हापूर)

कारण ते दोन मार्गांनी गोळा होतात. रस्ते वाहतूक मंत्रालय आपल्या नमुन्यात राज्यांच्या पोलिसांकडून माहिती मागवते. गृह मंत्रालयाच्या अखत्यारीतील राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या अपघाती मृत्यूंच्या अहवालासाठी स्वतंत्रपणे मागवते. २०२१ साठी पहिल्याने ४,१२,४३२ अपघात व १,५३,९७२ मृत्यू दिले, तर दुसऱ्याने ४,०३,११६ अपघात व १,५५,६२२ मृत्यू दिले. एकाकडे अपघात जास्त आणि मृत्यू कमी, दुसऱ्याकडे उलट.

याहून गंभीर तफावत बाहेरून दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या अहवालात भारताने २०१६ साठी कळवलेले मृत्यू १,५०,७८५ होते, आणि संघटनेचा स्वतःचा अंदाज २,९९,०९१ होता. हा अंदाज सांख्यिकी प्रतिमानातून काढलेला आहे आणि भारतीय अधिकाऱ्यांनी तो मान्य केलेला नाही, हे बातमीत अवश्य लिहावे. तथापि मृत्यू निसटण्याच्या वाटा आपल्याला ठाऊक आहेत. जखमी माणूस तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून पुण्या-मुंबईला नेला जातो आणि पंधरा दिवसांनी तिथे दगावतो. अकस्मात मृत्यूची नोंद त्या शहरातील ठाण्यात होते, कागद मूळ ठाण्याकडे पाठवले जातात, मूळ गुन्ह्यात कलमवाढ होते; या साखळीतला एक कागद उशिरा आला, की वार्षिक तक्त्यात तो माणूस 'जखमी' म्हणूनच राहू शकतो. अपघातापासून ३० दिवसांत झालेला मृत्यू अपघाती मृत्यू धरावा, ही आंतरराष्ट्रीय व्याख्या आपणही स्वीकारली आहे, पण ती पाळायची तर तीस दिवस पाठपुरावा करणारे कोणी तरी हवे. संगणकीय नोंदीचा खरा फायदा इथे आहे: ओळख क्रमांक रुग्णाबरोबर रुग्णालयापर्यंत गेला, तर मृत्यूची खबर त्याच नोंदीत परत येते.

आपल्या बातमीसाठी आणखी एक धागा देतो. 'गंभीर जखमी' कोणाला म्हणायचे हे आपल्याकडे फौजदारी कायद्यातील गंभीर दुखापतीच्या व्याख्येवरून ठरते. दंड संहितेत वीस दिवस तीव्र वेदना किंवा नेहमीचे काम करता न येणे अशी एक कसोटी होती. न्याय संहितेच्या कलम ११६ मध्ये ती पंधरा दिवसांची झाली. म्हणजे जुलै २०२४ नंतर गंभीर जखमींचे आकडे वाढले, तर त्यातील काही वाढ व्याख्येमुळे असू शकते. २०२३ आणि २०२५ ची तुलना करताना ही बाब ध्यानात ठेवावी.

प्रश्न : आमच्या शाळेजवळच्या वळणावर सतत अपघात होतात. सार्वजनिक बांधकाम विभागाकडे गेलो तर 'हे ठिकाण ब्लॅक स्पॉटच्या यादीत नाही' असे उत्तर मिळते. यादीत येण्यासाठी किती माणसे जायला हवीत? (एक शिक्षक, धाराशिव जिल्हा)

आपल्या प्रश्नातील संताप समजतो आणि तो योग्यच आहे. नियमाचे शब्द असे आहेत: राष्ट्रीय महामार्गावरील साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात मागील तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर दुखापतीचे पाच अपघात झाले, किंवा तीन वर्षांत मिळून दहा मृत्यू झाले, तर ते ठिकाण अपघातप्रवण ठरते. हीच पट्टी इतर रस्त्यांनाही लावली जाते.

या व्याख्येत माणूस गेल्यावरच रस्ता बोलू लागतो, हा तिचा मूळ दोष आहे. आणि जे बोलणे असते, तेही अर्धेच ऐकू येते. २०२२ मध्ये महाराष्ट्रात ३३,३८३ अपघात व १५,२२४ मृत्यू नोंदले गेले. म्हणजे दर शंभर नोंदलेल्या अपघातांमागे सुमारे ४६ मृत्यू. देशाचा हाच हिशोब ४,६१,३१२ अपघातांत १,६८,४९१ मृत्यू, म्हणजे सुमारे ३७ असा होता. आपले अपघात इतके जीवघेणे आहेत हे त्याचे एक कारण असेलही, पण मोठे कारण असे दिसते, की मृत्यू झाला नाही तर पुष्कळ अपघात ठाण्यापर्यंत पोहोचतच नाहीत. दोन्ही बाजू रस्त्यातच तडजोड करतात, दुचाकीवरून पडलेला मुलगा खासगी दवाखान्यात टाके घालून घरी जातो. आपल्या वळणावरचे असे दहा अपघात कोणत्याही यादीत नसतात, आणि अकरावा होतो तेव्हा तो 'पहिला' असतो.

शाळेने आजपासून एक साधी वही ठेवावी, असे मी सुचवतो: तारीख, वेळ, वाहनांचे प्रकार, कोणत्या दिशेने, काय झाले, दुखापत किती, शक्य असेल तर छायाचित्र. वैयक्तिक नावे लिहू नयेत. ती वही ग्रामसभेच्या ठरावासह जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा रस्ता सुरक्षा समितीकडे पाठवावी. त्या समितीत पोलीस, परिवहन आणि बांधकाम ही तिन्ही खाती एकत्र बसतात, त्यामुळे एकमेकांकडे बोट दाखवण्याला तिथे कमी जागा मिळते. सोबत माहिती अधिकारात त्या किलोमीटरमधील मागील तीन वर्षांच्या अपघातांची संख्या, तीव्रता व अक्षांश-रेखांश ही माहिती, नावे वगळून, मागावी. आपली वही आणि त्यांची यादी शेजारी ठेवली, की न नोंदलेले अपघात समितीपुढे आकड्यांतून मांडता येतील. आणि इथून पुढे कोणी जखमी झाले तर गावाने ११२ वर कळवण्याची सवय लावावी, तडजोड पुढे झाली तरीही. जखमीला मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ चे संरक्षण आहे. त्याला नाव सांगण्याची वा साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही.

प्रश्न : मी लेस्टरला राहतो. इथे किरकोळ अपघातातही पोलीस बरेच काही विचारून लिहून घेतात. भारतात हे का जमू नये? (एक वाचक, इंग्लंड)

ब्रिटनमध्ये 'स्टॅट्स १९' नावाचा ठरावीक नमुना १९४९ पासून वापरात आहे आणि तो ठरावीक काळाने सुधारला जातो. त्या व्यवस्थेत जखमी नोंदले जातात हे आकड्यांतच दिसते: २०२२ मध्ये ग्रेट ब्रिटनमध्ये सर्व मिळून १,३५,४८० जण जखमी वा मृत झाले, त्यांत १,७११ मृत्यू होते. भारतात त्याच वर्षी १,६८,४९१ मृत्यूंमागे फक्त ४,४३,३६६ जखमी नोंदले गेले. भारतात एका मृत्यूमागे तीनहून कमीच माणसे जखमी होतात, हे कोणालाही पटणार नाही.

आपण शिकण्याजोगी गोष्ट मला तिथल्या अलीकडच्या सुधारणेत दिसते. पूर्वी पोलिसाला इजा 'गंभीर' की 'किरकोळ' हे स्वतः ठरवावे लागे. नव्या पद्धतीत तो फक्त इजेचा प्रकार निवडतो आणि तीव्रता प्रणाली ठरवते. तसे केल्यावर गंभीर जखमींची संख्या वाढलेली दिसली, तेव्हा तिथल्या परिवहन खात्याने जुन्या वर्षांचे आकडेही जुळवून प्रसिद्ध केले, म्हणजे तुलना फसवी ठरू नये. स्वीडनमध्ये पोलीस आणि रुग्णालय दोघांच्याही नोंदी एका माहितीसाठ्यात येतात, त्यामुळे पोलिसांपर्यंत न गेलेला सायकलस्वारही मोजला जातो. भारतातही तमिळनाडूने आयरॅडच्या कितीतरी आधी आपल्या पोलिसांसाठी नकाशाधारित अपघात माहिती व्यवस्था चालवली होती. तेव्हा जमण्यासारखे आहेच. फक्त पोलिसांकडून वैद्यकीय निर्णयाची आणि डॉक्टरांकडून मौनाची अपेक्षा ठेवणे आपण थांबवायला हवे.

प्रश्न : मी ग्रामीण रुग्णालयात परिचारिका आहे. अपघाताचा रुग्ण आला की आम्ही एमएलसी (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची नोंद) करून पोलीस चौकीला कळवतो. ई-डारमध्ये आमची भूमिका नेमकी काय, आणि मोफत उपचारांच्या योजनेशी तिचा काय संबंध? (एक परिचारिका, सिंधुदुर्ग)

संबंध थेट आहे. ५ मे २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ता-अपघातातील जखमीला अपघाताच्या तारखेपासून सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांच्या मर्यादेत, रोख पैसे न भरता नियुक्त रुग्णालयात उपचार मिळतात. हा रुग्ण खरोखर रस्ता-अपघातातील आहे, याची पुष्टी पोलिसांकडून ई-डारमार्फत होते आणि रुग्णालयाचा दावा राष्ट्रीय आरोग्य प्राधिकरणाच्या प्रणालीतून जातो. म्हणून आपल्या एमएलसीची खबर ठाण्यात किती लवकर आणि किती पुऱ्या तपशिलासह पोहोचते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. आपले रुग्णालय योजनेत आहे का, हे वैद्यकीय अधीक्षकांकडून पाहून घ्यावे.

एमएलसीत 'आरटीए' (रस्ता वाहतूक अपघात) एवढेच लिहून थांबू नये. रुग्ण पादचारी होता, सायकलवर होता, दुचाकीच्या मागे बसला होता की मोटारीत, त्याला कोणत्या वाहनाची धडक बसली, अपघात कुठे व किती वाजता झाला, हेल्मेट किंवा पट्टा होता का, एवढे रुग्णाला किंवा त्याला आणणाऱ्याला विचारून लिहावे. आणणाऱ्याने नाव सांगायचे नाकारले, तर आग्रह धरू नये. पादचाऱ्यांची नोंद विशेष जपून करावी. आयआयटी दिल्लीतील दिनेश मोहन, गीतम तिवारी आदी अभ्यासकांनी फिर्यादी प्रत्यक्ष वाचून दाखवून दिले आहे, की सरकारी तक्त्यांत पादचारी बळी खऱ्यापेक्षा फार कमी दिसत आले. तक्ता भरताना धडक देणाऱ्या वाहनाला महत्त्व मिळे आणि मेलेला माणूस पायी होता हे मागे पडे.

रुग्णाला पुढे हलवताना संदर्भ चिठ्ठीवर ई-डारचा ओळख क्रमांक, तो मिळाला नसेल तर मूळ पोलीस ठाण्याचे नाव व एमएलसी क्रमांक, ठळक लिहावा. कणकवलीहून कोल्हापूरला किंवा गोव्यात बांबोळीला गेलेला रुग्ण तिथे दगावला, तर राज्याची हद्द ओलांडून ती खबर मूळ नोंदीपर्यंत आणणारा धागा बहुधा त्या चिठ्ठीवरच असतो. शक्य असल्यास आपल्या अपघात कक्षाच्या नोंदवहीत तिसाव्या दिवसाचा एक रकाना वाढवावा आणि त्या दिवशी रुग्णाच्या घरी दूरध्वनी करून प्रकृती विचारावी. बरी नसेल तर ठाण्याच्या तपासी अंमलदाराला लेखी कळवावे.